बारा कोळंब्या, चार मृतदेह आणि आई

आमच्या घराण्यात कोळंबी पाळणारा मी पहिलाच. माझ्याआधीच्या सगळ्या पिढ्यांनी ती खाल्ली.

ही गोष्ट आमच्या नात्यात इतक्या लोकांनी इतक्या प्रकारे सांगून झालीये, की एकदा तरी ती गुन्हेगाराच्या तोंडून ऐकली जावी म्हणून लिहितोय. (गुन्हेगार मी. हे लपवून काही उपयोग नाही, मुलुंडपासून कुडाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.)

सुरुवात झाली डॉक्टरांपासून. माझं ब्लडप्रेशर बघून ते म्हणाले, "महेशराव, एखादा छंद लावून घ्या. घरात फिशटँक ठेवा. मासे बघत बसलं की डोकं शांत होतं." मी लगेच कांदिवलीला गेलो. तिथे एका गल्लीत जिग्नेशभाईंचं माशांचं दुकान आहे. गोल्डफिश घ्यायला गेलो होतो, पण जिग्नेशभाईंनी मला एका छोट्या काचेच्या टाकीसमोर नेऊन उभं केलं. हिरवंगार शेवाळ, आणि त्यावर लाल मिरचीच्या तुकड्यांना पाय फुटावेत तसं काहीतरी चालत होतं.

"हे काय?"

"कोळंबी. शोची. खायची नाही हां साहेब, फक्त बघायची."

मी बघितलं. एक कोळंबी शेवाळावर बसून पुढच्या दोन हातांनी काहीतरी टिपून टिपून तोंडात घालत होती. अगदी आमची शुभाताई पापडाचा चुरा खाते तशी! मी जागच्या जागी विरघळलो. बारा कोळंब्या घेतल्या.

"नाजूक आहेत फार," पिशवीला रबर लावता लावता जिग्नेशभाई म्हणाले. "नळाचं पाणी डायरेक्ट नको. मच्छरचं मशीन नको, स्प्रे नको, धूर नको. पाणी एकदम गरम नको, एकदम थंड नको. बाकी काही टेन्शन नाही."

बाकी उरलं काय होतं ते मी विचारलं नाही.

घरात आम्ही चार माणसं. मी, बायको नंदा, कॉलेजात जाणारी मुलगी सई आणि माझी आई. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. बोरिवलीत येऊन पन्नास वर्षं झाली तरी तिची मालवणी अजून मालवणच्या बंदरावरच उभी आहे. मी टाकी हॉलमधल्या टेबलावर मांडली, कोळंब्या सोडल्या आणि मोठ्या अभिमानाने आईला बोलावलं. तिने चष्मा लावला, वाकली, मोजलं.

"बारा? बारा सुंगटां कोणाक पुरतली रे?"

"आई, या खायच्या नाहीत. पाळायच्या आहेत."

"पाळूची?" आई विचारात पडली. मग तिचा चेहरा उजळला. "मगे मोठी झाली की खावची!"

"नाही गं! कधीच नाही!"

आईने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्या नजरेने तिने याआधी फक्त एकदाच बघितलं होतं. मी सातवीत नापास झालो तेव्हा.

दुसऱ्या दिवसापासून घरात आणीबाणी लागू झाली. मी फ्रिजवर एक कागदच चिकटवला: मच्छरचं मशीन बंद. अगरबत्ती फक्त गॅलरीत. लादी पुसायच्या पाण्यात फिनेल नाही. टाकीजवळ परफ्यूम मारू नये. नंदाने कागद शांतपणे वाचला.

"फोडणीला परवानगी आहे का?"

"पंखा लावून," मी म्हणालो. (हे मी विनोदाने म्हटलं नव्हतं. तोच तर प्रॉब्लेम होता.)

"महेश, सई पोटात असताना तू मला नुकत्याच पेंट केलेल्या, उग्र वासाच्या खोलीत झोपवलं होतंस. आठवतं?"

आठवत होतं. पण सई तेव्हा पाण्यात नव्हती, असं काहीतरी मी पुटपुटलो, आणि "पोटात पाण्यातच होते की मी!" असं सई आतून ओरडली!

मशीन बंद झाल्यावर आमच्या विंगमधल्या समस्त डासांना बातमी लागली असावी. संध्याकाळी सातनंतर आमच्या हॉलमध्ये सतत टाळ्यांचा आवाज येई. समोरच्या ब्लॉकमधल्या जोशीकाकूंना वाटायचं आमच्याकडे रोज आरती असते. त्यात रविवारी नंदाने बाजारातून नेहमीसारखी कोळंबी आणली, आणि मी टाकीवर टॉवेल टाकायला धावलो.

"आता हे काय?"

"अगं, त्यांच्यासमोर सोलणार तू?"

"तेंका काय कळतां?" आई म्हणाली. "तुका तरी खंय कळतां?"

असे तीन आठवडे गेले. माझं मन खरंच शांत झालं होतं. ऑफिसातून आलो की बूटही न काढता मी टाकीसमोर बसायचो. एका शुक्रवारी मी टाकीतलं अर्धं पाणी बदललं. नळाचं नाही हां, दोन दिवस बादलीत ठेवून निवळलेलं, थर्मामीटर लावून तपासलेलं. पाणी ओततानाही असं ओतलं, की तान्ह्या बाळालाही कोणी इतक्या जपून आंघोळ घालत नसेल.

आणि शनिवारी सकाळी वाळूवर पहिला मृतदेह पडलेला दिसला.

पांढरट, फिका पडलेला. मिशा, पाय, शेपटी, सगळं जागच्या जागी. फक्त हालचाल नाही. मी काचेवर टिचकी मारली. काही नाही. उरलेल्या मोजल्या. नऊच दिसल्या! दोनदा मोजल्या, चष्मा लावून मोजल्या, सईला मोजायला लावल्या.

"बाबा, चिल. असतील कुठेतरी शेवाळात."

रविवारी सकाळी चार मृतदेह! आणि चालत्याफिरत्या फक्त पाच. मी टाकीसमोर जमिनीवर बसलो. नंदाने चहा आणला, तो घेतला नाही. तेव्हा तिला परिस्थितीचं गांभीर्य कळलं.

"काहीतरी विषारी गेलंय पाण्यात," मी म्हणालो. "या घरात कोणीतरी काहीतरी केलंय."

मी तपास सुरू केला. (मालिकांमधले पोलीस करतात तसा. हात मागे बांधून, प्रत्येक खोलीत फिरून.) बाथरूममध्ये फिनेल नव्हतं. नंदाच्या परफ्यूमची बाटली कपाटात, टोपण घट्ट. मग मी सोफ्याच्या मागे वाकलो, आणि तिथल्या प्लगमध्ये मच्छरचं मशीन लावलेलं! वरचा लाल दिवा शांतपणे जळत होता. हात लावला. गरम!

"हे कोणी लावलं?"

आई खुर्चीवर बसून लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"मी लावलंय. संध्याकाळचा थोडो वेळ लावतंय. काल बंद करूक इसारलंय."

"आई! मी कागद लावला होता ना फ्रिजवर!"

"कागद मच्छरांक वाचूक येता काय? पायांची चाळण झाली माजी. तुजी सुंगटां जगूक व्हयी, आणि आवशीक मच्छरांनी खाल्ल्यानी तरी चलात?"

आता इथे एखादा शहाणा माणूस थांबला असता. मी शहाणा नव्हतो, मी शोकात होतो. मी टाकीकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "हे बघ. बघ नीट. चार जीव. तू मारलेस त्यांना, आई!"

आई उठली. लसणाच्या सालींचं ताट खाली ठेवलं. टाकीजवळ आली, चष्मा लावला, वाकून बराच वेळ वाळूकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि बंद केलं.

"सई, शुभाताईक फोन लाव. आणि माका गाडी बोलाव."

शुभाताई म्हणजे माझी मोठी बहीण, राहायला मुलुंडला. सईने (घरभेदी!) दोन मिनिटांत मोबाइलवरून टॅक्सी मागवली. मी अडवायला हवं होतं. पण मीही आईचाच मुलगा. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो, आणि आईची टॅक्सी गेटबाहेर पडताना बघून फक्त एवढंच म्हणालो, "जाऊ दे. तिलाही जरा कळू दे."

आणि त्याच रागात मी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. आमचा नात्यातला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्याच्यावर मी लिहिलं: "आमच्या घरातले चौघे दोन दिवसांत गेले. मन सुन्न झालंय. कोणी फोन करू नये."

घरात माणसं किती, हे मी वर सांगितलंच आहे. ते सगळ्या नातेवाइकांनाही माहीत होतं.

पहिला फोन कुडाळहून आला. आबामामा, आईचे धाकटे भाऊ. आवाज कापत होता.

"हॅलो... कोण बोलता?"

"मामा, मी महेश."

पलीकडून अगदी हळू आवाजात, "महेश? तू आसस?"

"आहे की, मामा!"

"मगे गेली ती चार कोण?"

"कोळंब्या, मामा."

"...सुंगटां?"

"हो."

"मेल्या! हयसर तुजी मामी रडान रडान आडवी पडली आसा!" मामांनी मला पाच मिनिटं मनसोक्त झोडपलं. मग श्वास घेतला, आणि राहवलं नसावं. "ताजी होती मा?"

तो फोन ठेवतोय तोवर दारावरची बेल वाजली. कांदिवलीचा चुलतभाऊ दिलीप, पांढरा सदरा, डोळे लाल, हातात पिठलं-भाताचा डबा. दार मीच उघडलं. दिलीप एक पाऊल मागे सरला आणि जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला.

"अरे, तू तर..."

"कोळंब्या," नंदा माझ्या मागून म्हणाली. "आत ये, दिलीप. बस. पाणी पी."

दिलीप पाणी प्यायला, त्याने टाकी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि डबा परत पिशवीत घालून निघून गेला. जाता जाता एवढंच म्हणाला, "पुढच्या वेळी खरंच कोणी गेलं ना, तर मी चौकशी करून येईन." मी घाईघाईने ग्रुपवर खुलासा टाकला. त्यावर सत्तावीस हसरे चेहरे आले, आणि एका मावशींनी कोळंबीच्या लोणच्याची रेसिपी टाकली.

दुपारी मी जड मनाने तीन मृतदेह चमच्याने काढले. अंत्यविधी तरी नीट व्हावा म्हणून गॅलरीत गेलो, तर नंदा मागे धावली. "तुळशीत नाही हां! सांगून ठेवते!" मग मोगऱ्याच्या कुंडीत जागा केली. सईने सगळ्याचा व्हिडिओ काढला. (तो अजून तिच्याकडे आहे. तिची फी भरायची वेळ आली की ती तो काढून बघत बसते.) चौथा मृतदेह मात्र मी पुरावा म्हणून छोट्या पिशवीत घातला आणि तडक जिग्नेशभाईंच्या दुकानात गेलो.

दुकानात चांगली गर्दी होती. मी पिशवी काउंटरवर ठेवली आणि घसा साफ केला.

"माझ्या आईने घरात मच्छरचं मशीन लावलं. चार गेल्या. उरलेल्या पाच तरी वाचतील असं काही औषध द्या. तीन तर सापडतच नाहीयेत. त्या बहुतेक कुजल्या."

जिग्नेशभाईंनी पिशवी उचलली, ट्यूबलाइटसमोर धरली. एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं. मग माझ्याकडे बघून अतिशय प्रेमाने विचारलं, "साहेब, परवा-तेरवा पाणी बदललंत का?"

"हो. शुक्रवारी. अर्धं."

"तेच. हे मेलेलं नाही, साहेब. हे कपडे आहेत."

"काय आहे?"

"कपडे! ही अंगावरची साल. कोळंबी मोठी होते ना, जुनी साल टाकून देते. नवीन पाणी मिळालं की लगेच टाकते. हे बघा, इथे पाठीवर फाटलंय, इथून ती बाहेर आली. आरपार दिसतंय की! आत काय आहे का?"

मी बघितलं. आत काहीही नव्हतं. पिशवीच्या पलीकडे मला जिग्नेशभाईंचा हसरा चेहरा स्वच्छ दिसत होता.

"पण मग बाकीच्या कुठे गेल्या?"

"लपल्या. नवीन साल दोन-तीन दिवस मऊ असते, म्हणून घाबरून शेवाळात बसतात. आणि मशीनचं विष पाण्यात गेलं असतं ना, तर सगळ्या बारा आडव्या झाल्या असत्या. ही साल काढली नाही ना बाहेर? ती त्यांना खायला लागते. ताकद येते."

म्हणजे मी त्यांचं टॉनिक मोगऱ्याला घातलं होतं!

दुकानातली गिऱ्हाइकं आता माशांऐवजी माझ्याकडे बघत होती. जिग्नेशभाईंनी पिशवी परत दिली. "एक विचारू, साहेब? मी तर शुद्ध शाकाहारी माणूस, हे सगळं पुस्तकात वाचून शिकलो. पण तुमच्या आई कोकणातल्या ना? त्यांना नाही विचारलं?"

आईने वाकून टाकीत बघितलं होतं, तोंड उघडलं होतं, बंद केलं होतं. ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं, आणि माझे कान लाल झाले.

घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून मुलुंडला पोचेपर्यंत मी माफीची पाच वाक्यं तयार केली. दार शुभाताईने उघडलं.

"या, न्यायाधीश."

"आई कुठाय?"

"आहे आत. पुढची शिकार सोलतेय."

आई खरंच स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. पुढ्यात परात, परातीत ताजी कोळंबी. मी समोर मांडी घालून बसलो. पाचही वाक्यं विसरलो.

"आई..."

आईने परातीतली एक कोळंबी उचलली. डोकं मोडलं, साल एका झटक्यात सोडवली. एका हातात साल धरली, दुसऱ्या हातात कोळंबी, आणि दोन्ही माझ्या नाकासमोर.

"ह्या काय?"

"साल."

"आणि ह्या?"

"कोळंबी."

"तुज्या टाकीत खाली काय पडला होता? ह्या काय ह्या?"

"...साल."

"धा वर्सांची होतंय तेव्हापासून सुंगटां सोलतंय मी. रिकामी साल माका वळखाक येवची नाय?"

"मग तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस खंय? तू थेट फाशीच दिलंस!"

शुभाताई दारात उभी राहून हसत होती. मला मात्र हसू येईना. माझ्या आईने ज्या हातांनी मला लहानपणी कोळंबी सोलून भरवली होती, त्या हातांवर मी खुनाचा आळ घेतला होता, आणि तोही चार सालींच्या पुराव्यावर. मी तिच्या पायांना हात लावायला वाकलो, तर खरोखरच पायांवर डास चावल्याचे लाल ठिपके होते. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. तीन आठवडे मी कोळंबीच्या मिशा मोजत होतो, आणि हे बघितलं नव्हतं.

"चुकलो, आई," मी म्हणालो. एवढंच जमलं.

आईने हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसले. (कांदा होता, असं ती आजही म्हणते. कांदा शुभाताईने चिरला होता, पलीकडच्या ओट्यावर.) मग परात माझ्याकडे सरकवली.

"बसलंहस तर सोल. नुसतो काय बघतंस?"

मी सोलली. दोन किलो. जेवायला कोळंबीचं सुकं होतं. आपल्या पाळीव प्राण्यांचे नातलग ताटात बघून माझा कंठ दाटून आला. तिसऱ्या भाकरीला तो मोकळा झाला.

आई माझ्याबरोबर परत आली, पण आधी तिने अट घातली. फ्रिजवरचा कागद मीच सगळ्यांसमोर काढायचा. मी काढला. नंदाने टाळ्या वाजवल्या, यावेळी डास नसताना. दुसऱ्याच दिवशी सगळ्या खिडक्यांना जाळ्या बसवून घेतल्या, जे काम पहिल्याच दिवशी कोणाच्याही डोक्यात यायला हवं होतं.

मुलुंडहून परतलो त्या रात्री मात्र आल्या आल्या आई टाकीसमोर वाकली, शेवाळाकडे बोट केलं आणि एका दमात सांगितलं, "हंय तीन, थंय चार, दगडामागे पाच. बारा आसत." मग एकदम चष्मा सरसावला. "आणि ह्या बघ! ह्येच्या पोटाखाली गाबोळी आसा!"

खरंच होती. पिवळसर अंड्यांचा झुबका. तीन-चार आठवड्यांत टाकीत मुंगीएवढ्या पिल्लांचा सुळसुळाट झाला. आता सगळा कारभार आईच्या हातात आहे. कोणाला पालकाचं पान घालायचं, पाणी कधी बदलायचं, कोण साल टाकायला आलीये, सगळं ती नुसत्या नजरेने सांगते, आणि आजवर एकदाही चुकलेली नाही. जिग्नेशभाई तर गिऱ्हाइकांच्या अडचणीसुद्धा तिलाच विचारतात.

गेल्या आठवड्यात असाच त्यांचा फोन आला. "आजी आहेत का, साहेब? एकाच्या कोळंब्या पाण्यात वर वर येतायत. जरा विचारायचं होतं."

मला थोडं लागलं. "अहो, मला विचारा की! टाकी कोणाची आहे शेवटी?"

"तुमचीच, साहेब, तुमचीच," जिग्नेशभाई मनापासून म्हणाले. "म्हणूनच तर म्हणतो, फोन आजींना द्या!"